इथे सही करा

कुरियरवाल्या मुलाच्या मोबाईलवर बोटाने सही करून बघा. बोट ओलं असेल तर रेघ उमटत नाही, स्क्रीनगार्डला तडा असेल तिथे ती अडखळते, आणि आडनावापर्यंत पोचायच्या आत चौकट संपते. कोथरूडच्या आमच्या भागात बँकेतून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ. ते आधी चष्मा शोधतात, मग फोन हातात घेऊन चेकवर करतात तशी सही करू बघतात, खालच्या रेघेसकट आणि दोन टिंबांसकट. ‘काका, नुसती रेघ मारा, चालतं.’ काकांना ते चालत नाही. नुसती रेघ चालते म्हणणारा माणूसच त्यांना संशयास्पद वाटतो.

अशाच एका मुलाच्या मागे बसून मी ऐन पावसाळ्यात त्याची फेरी पाहिली. मोबदला नगामागे. जो नग पोचला नाही त्याचे पैसे नाहीत, मग त्यासाठी चार जिने चढले असोत. सकाळी गोदामात प्रत्येक पाकीट स्कॅन होतं, मग तो बॅग उलट्या क्रमाने भरतो. शेवटच्या गल्लीतलं तळाशी, पहिल्या सोसायटीचं वर. पूर्वी कागदी रनशीट असायचं आणि सहीचा रकाना पावसात फुगून यायचा. आता सगळं मोबाईलमध्ये. फक्त थेंब पडले की स्क्रीन स्वतःच सह्या करू लागते. शर्टाचं टोक आतून कोरडं असतं, त्याने तो प्रत्येक दारात काच पुसतो.

एका दारात बाई आल्या त्या दोन्ही हात कणकेने माखलेले. ‘तूच कर रे सही माझ्या नावाने.’ त्याने केली. एक वेलांटी, पुढे लाट. हे नियमात बसत नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि कणीक धुवायला लागणारी दोन मिनिटं दिवसभरात किती वेळा द्यायची हेही ठाऊक आहे. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही. पण पाकीट दिल्यावर त्याने बाईंकडे, दाराकडे आणि बाहेरच्या चपलांकडे नीट पाहिलं, ते माझ्या लक्षात राहिलं. जिना उतरताना म्हणाला, ‘सही कोण बघतंय? उद्या मिळालं नाही म्हणून फोन आला तर मला सांगता आलं पाहिजे, दुसरा मजला, दारात तुळस, हिरव्या गाऊनमधल्या ताईंनी घेतलं.’ त्याची खरी पोचपावती त्याच्या डोक्यात असते. ॲपमध्ये ‘कोणी घेतलं’ असा रकाना आहे: स्वतः, घरातले, शेजारी, सुरक्षारक्षक. शेवटचा पर्याय तो टाळतो. वॉचमन अख्ख्या इमारतीसाठी एकच सही करतो आणि रात्रपाळीला माणूस बदलतो.

महागड्या वस्तूंना मात्र सही चालत नाही, तिथे ओटीपी लागतो. आणि खरी रखडपट्टी तिथेच. वस्तू मागवलेली असते बंगळुरूतल्या मुलाने, घेणार असतात इथले आईवडील, आणि ओटीपी जातो मुलाच्या फोनवर. मुलगा मीटिंगमध्ये. त्यात बँक आणि पोलीस वर्षानुवर्षं बजावत आले आहेत की ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि ज्येष्ठांनी तेवढं एक अगदी मनापासून पाळलेलं आहे. ‘तुला कशाला सांगू?’ या प्रश्नाला पोराकडे सभ्य उत्तर नाही. तो दारात उभा, खाली गाडीवर बाकीची बॅग उघड्यावर.

पोस्टमनचं तंत्र वेगळं, कारण त्याची बीट ठरलेली. आमच्या पोस्टमनकाकांना कुणाचा मुलगा परदेशी आहे, कुणाच्या घरी वाटणीचा दावा चालू आहे, सगळं माहीत. नोंदणी टपालाला पोचपावतीचं कार्ड जोडलेलं असलं की लोक सही करण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव वाचतात. ‘ॲडव्होकेट’ दिसलं की हात मागे जातो. ‘नाही घेणार, परत पाठवा.’ काका वाद घालत नाहीत. पाकिटावर लिहितात, ‘घेण्यास नकार, सबब परत’, खाली तारीख आणि आपली छोटी सही. आपण सही केली नाही म्हणजे नोटीस मिळालीच नाही, अशी समजूत शिकल्यासवरल्या लोकांचीही आहे. कायदा तसं म्हणत नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, नोंदणीने टाकलेलं पत्र पोचलं असंच धरतात. उलटं सिद्ध करायची जबाबदारी घेणाऱ्यावर. न वटलेल्या चेकच्या नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अलवी हाजी प्रकरणात हेच गृहीतक लावलं, आणि नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याला वाट दिली ती एवढीच की समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरा. म्हणजे दारात नाकारलेल्या सहीपेक्षा काकांनी पेनने लिहिलेल्या त्या तीन-चार शब्दांना कोर्टात जास्त वजन.

पासपोर्टच्या वेळी तेच काका कठोर होतात. तो ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात द्यायचा, ओळखपत्र पाहून. ‘अहो, मी त्याची आई आहे, तुम्ही ओळखता मला!’ ओळखतात. तरी देत नाहीत. अंगठा उठवणाऱ्या आजींकडे मात्र ते खिशातून शाईचा पॅड काढतात, शेजारच्या लिहिता-वाचता येणाऱ्या कुणाला तरी साक्षीला बोलावतात आणि ठसा नीट उमटेपर्यंत थांबतात. कुरियरच्या पोराला एवढं थांबणं परवडणार नाही. काकांना पगार नगावर मिळत नाही, हा फरक वागण्यात उतरतो.

आता दोघांची कामं एकमेकांजवळ येत चालली आहेत. २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, आणि १ ऑक्टोबरपासूनच्या नव्या दरांत नोंदणी आणि ओटीपी या दोन्ही वेगळ्या सोयी झाल्या, प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी. काकांच्या हातातही मोबाईल आहेच. ओटीपीने माणूस ओळखता येतो हे त्यांना पटत नाही. फोन कुणाच्या हातात आहे तेवढं कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, ज्याला गल्ली ओळखीची नाही आणि उद्या ज्याची बीट बदलणार आहे, त्याच्यासाठी तेवढंही पुष्कळ आहे. त्या पोराला मी विचारलं, सही बरी की ओटीपी? ‘ओटीपी,’ तो म्हणाला. ‘सहीवर भांडण झालं तर पैसे माझे कापतात. आकडा जुळला असेल तर नाही कापत.’ आणि पुढच्या सोसायटीच्या गेटवर फ्लॅट नंबर लिहायला उतरला.