साठविलेले कार्यक्रम आणि घरचा दूरचित्रवाणी संच

सन २०२० मध्ये शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित करण्यात आली. मात्र प्रक्षेपित कार्यक्रमाला वेळेचे बंधन असते. नेमक्या वेळी वीज गेली किंवा मूल शेतावर असले, तर तो पाठ हातचा जातो. सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळीच्या डोंगरवाड्या काय किंवा सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडीच्या विखुरलेल्या वस्त्या काय, जेथे इंटरनेटचा भरवसा नाही तेथे साठविलेला कार्यक्रम हीच खरी सोय ठरते.

रचना व कार्य

चित्र आणि ध्वनी अंकांच्या रूपात, आकार कमी करून पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड अथवा हार्ड डिस्कवर साठविले जातात. मीडिया प्लेअर ही छोटी पेटी ती सामग्री उलगडून तारेने दूरचित्रवाणी संचाकडे पाठविते. अनेक नव्या संचांत ही व्यवस्था अंतर्भूतच असते. पेन ड्राइव्ह थेट संचाला जोडला की पुरे. १९९३ मध्ये आलेल्या व्हिडिओ सीडीत जेमतेम ७४ मिनिटांचे चित्रण मावत असे. आज सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने नोंदविलेल्या एका तासाच्या पाठास सुमारे ९०० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर सुमारे पस्तीस तासांचे पाठ राहू शकतात.

खरेदीपूर्वी

जुन्या संचास एचडीएमआयची जागा नसल्यास पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन तारांची सोय असलेली पेटी घ्यावी. पिवळी तार चित्राची, उरलेल्या दोन ध्वनीच्या. पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचा असेल तर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर चढत नाही. चित्र दिसते पण आवाज येत नाही, याचे कारण बहुधा त्या ध्वनिप्रकाराची पेटीस नसलेली ओळख हे असते. म्हणून आपलाच पेन ड्राइव्ह दुकानात लावून पाहणे श्रेयस्कर. शाळा व ग्रामपंचायतींनी अधिकृतरीत्या उपलब्ध असलेलीच सामग्री साठवावी.

वेळ आपल्या हाती

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासास बसायचे, असा तो निर्णय होता. साठविलेला पाठ अशा शिस्तीच्या आड येत नाही. तो सहा वाजता पाहता येतो, तसाच नऊ वाजताही. न समजलेला भाग थांबवून पुन्हा पाहता येतो. प्रक्षेपणाच्या वेळेप्रमाणे घराने वागावे लागत नाही. घराच्या वेळेप्रमाणे कार्यक्रम लावता येतो. हा लाभ पदरात पडावयाचा, तर संच केव्हा लावावा आणि केव्हा बंद करावा, हे मात्र घराने व गावाने मिळून ठरविले पाहिजे.