पास्विक नदीच्या खोऱ्यातील दंश न करणाऱ्या चिलटांचे जातिसर्वेक्षण : पद्धती आणि अडचणी

प्रास्ताविक :

किरोनोमिडी हे द्विपंखी कीटकांच्या गणातील एक विस्तृत कुल होय. या कुलातील प्रौढ कीटक दिसावयास डासांसारखे असले तरी त्यांची मुखांगे रक्तशोषणास योग्य नसतात. म्हणून त्यांना ‘दंश न करणारी चिलटे’ असे संबोधले जाते. जगभरात या कुलातील सात हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. मत्स्यपेटीतील माशांना खाद्य म्हणून दिली जाणारी ‘ब्लडवर्म’ ही यांपैकीच काही जातींची अळी असून तिचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात किरोनोमस रामोसस या जातीवर झालेले संशोधन महाराष्ट्रातील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना परिचित असेल. परंतु एका जातीचा प्रयोगशाळेत सखोल अभ्यास करणे आणि एखाद्या नदीखोऱ्यात एकूण किती व कोणत्या जाती नांदतात हे निश्चित करणे, ही अगदी भिन्न स्वरूपाची कामे आहेत. दुसरे काम वरकरणी केवळ यादी करण्याचे वाटते. प्रत्यक्षात ते अधिक कठीण आहे. उत्तर युरोपातील पास्विक नदीच्या खोऱ्याचा विचार केला असता ही अडचण स्पष्ट होते.

पास्विकचे खोरे :

पास्विक नदी फिनलंडमधील इनारी सरोवरातून निघते, रशियाच्या हद्दीतून वाहते आणि पुढे बऱ्याच लांबीपर्यंत नॉर्वे व रशिया यांची सीमा होऊन बॅरेंट्स समुद्रास मिळते. हे खोरे ६९ अंश उत्तर अक्षांशाच्या परिसरात येते. येथे हिवाळा दीर्घ असतो आणि उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही. नदीवर सात जलविद्युत केंद्रे आहेत. त्यांपैकी स्कोगफॉस व मेल्केफॉस ही दोन नॉर्वेची, उरलेली पाच रशियाची. परिणामी एकेकाळच्या अनेक धबधब्यांच्या व खळाळांच्या जागी आता संथ, सरोवरासारखे पट्टे निर्माण झाले आहेत. चिलटांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे. ऑर्थोक्लाडिनी व डायमेसिनी या उपकुलांतील अनेक जातींना थंड, वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते, तर किरोनोमिनी उपकुलातील अनेक जाती संथ पाण्याच्या गाळात राहतात. त्यामुळे शिल्लक राहिलेले थोडे खळाळ व छोट्या उपनद्या वगळून केलेली यादी नदीचे मूळ स्वरूप दाखवू शकत नाही.

दुसरी बाब प्रदूषणाची. नदीच्या पूर्वेस रशियातील निकेल या गावी निकेल धातूची भट्टी अनेक दशके चालू होती. तिच्या धुरातून गंधक डायऑक्साइड तसेच निकेल व तांबे यांचे कण परिसरात पसरले. तिचे सांडपाणी कुएत्स्यार्वी सरोवरात जात असे आणि हे सरोवर पास्विकला जोडलेले आहे. ही भट्टी डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. आता येथील पाण्यातील जीवसृष्टी सावरते आहे की नाही, आणि सावरत असेल तर कोणत्या क्रमाने, हा खरा प्रश्न आहे. पूर्वी कोणत्या जाती होत्या हे ठाऊक असल्याखेरीज त्याचे उत्तर देता येणार नाही.

नमुने गोळा करण्याच्या पद्धती :

चिलटाच्या जीवनचक्रात अंडे, अळी, कोश व प्रौढ अशा चार अवस्था असतात. सर्वेक्षक यांपैकी कोणती अवस्था गोळा करतो, यावर त्याची यादी अवलंबून राहते. तळाचा गाळ व दगड उपसून अळ्या मिळतात. त्या नेमक्या कोठे राहतात हेही समजते. मात्र अनेक अळ्या केवळ प्रजातीपर्यंतच ओळखता येतात, जातीपर्यंत नाही.

प्रौढांसाठी मॅलेझ सापळा वापरतात. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रेने मॅलेझ यांनी १९३० च्या दशकात तयार केलेला हा तंबूसारखा सापळा उडणाऱ्या कीटकांना वरच्या टोकाशी लावलेल्या बाटलीत नेतो. त्यात भरपूर कीटक मिळतात, पण ते सर्व नदीतले नसतात. लिम्नोफाइज, स्मिटिया यांसारख्या प्रजातींतील बऱ्याच जातींच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात. अशा जाती ‘नदीतील जाती’ म्हणून मोजल्या गेल्यास यादी फुगते.

तिसरी पद्धत सर्वांत साधी व बहुधा सर्वांत फलदायी आहे. प्रौढ बाहेर पडताना कोश पाण्याच्या पृष्ठभागावर येतो आणि प्रौढ उडून गेल्यावर त्याची रिकामी कात साधारण एक-दोन दिवस पाण्यावर तरंगत राहते. साप कात टाकतो तसाच हा प्रकार. प्रवाहाबरोबर या काती काठाला, पडलेल्या झाडांमागे किंवा फेसात साठतात; तेथून त्या बारीक जाळीने गोळा करता येतात. जर्मन जलजीवशास्त्रज्ञ आउगुस्ट टीनेमान यांनी १९१० मध्येच या पद्धतीकडे लक्ष वेधले होते. कातीवरील केस, काटे व श्वसनांगे यांवरून बऱ्याच वेळा जात निश्चित होते. शिवाय दगड, वाळू, शेवाळ, बुडालेले लाकूड अशा सर्व अधिवासांतील जाती एकाच नमुन्यात येतात. एकही जिवंत कीटक मारावा लागत नाही, हा आणखी एक लाभ. दोष एवढाच की, कात नदीच्या वरच्या अंगाला नेमकी कोठून आली हे सांगता येत नाही.

याखेरीज काळाचा प्रश्न उरतोच. उत्तरेकडील लहान उन्हाळ्यात काही जाती बर्फ वितळताच बाहेर पडतात, काही ऑगस्टमध्ये. अलास्कातील बॅरो (आताचे उत्कियाग्विक) येथील टुंड्रा तळ्यांत किरोनोमस प्रजातीच्या अळ्यांची वाढ पूर्ण होण्यास सात वर्षे लागतात, असे आढळले आहे. तेव्हा जुलैतील एका आठवड्याच्या नमुन्यांवरून उत्तरेकडील खोऱ्याची यादी करणे हे धाडसाचेच ठरेल.

ओळख आणि नामनिश्चिती :

लॅपलंडमधील कीटकांची पद्धतशीर नोंद लुंड येथील योहान विल्हेल्म सेटरस्टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली आणि चिलटांच्या अनेक जातींना नावे दिली. त्यांची वर्णने लॅटिनमध्ये व संक्षिप्त आहेत. आज जातिनिश्चितीसाठी मुख्यतः नराच्या जननांगांची रचना पाहिली जाते. त्यासाठी उदराचे टोक दाहक क्षारात स्वच्छ करून काचपट्टीवर बसवावे लागते. जुन्या वर्णनांत हा तपशील नसल्याने संग्रहालयातील मूळ नमुने पुन्हा तपासूनच नावाचा अर्थ ठरवावा लागतो. टोर्ग्नी विडरहोल्म यांनी संपादित केलेल्या अळी (१९८३), कोश (१९८६) व प्रौढ नर (१९८९) यांच्या ओळखसूचींनी हे काम सुकर केले. पण त्या प्रजातीपर्यंत नेतात. पुढचा टप्पा स्वतंत्र शोधनिबंधांतून गाठावा लागतो.

एकाच जातीची अळी व प्रौढ यांना एका नावाखाली आणण्याचे काम पूर्वी केवळ पाळणूक करूनच होई. २००३ पासून प्रचारात आलेल्या डीएनए बारकोड पद्धतीने ते सोपे झाले. तीत सुमारे ६५८ आधारजोड्यांचा एक जनुकखंड तपासला जातो. तथापि ट्रॉन्डहाइम येथील टॉर्ब्योर्न एक्रेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिलटांवरूनच दाखवून दिले की, संदर्भसंग्रह सर्वसमावेशक नसेल तर बारकोडवरून केलेली ओळख भरवशाची राहत नाही. त्याच गटाने २०१५ मध्ये टॅनिटार्सस प्रजातीच्या २,७९० बारकोडांचा अभ्यास केला. त्यात जाती वेगळ्या करण्यासाठी ४ ते ५ टक्के फरकाची मर्यादा योग्य ठरली. इतर कीटकांत बऱ्याचदा २ ते ३ टक्क्यांची मर्यादा वापरतात. तीच येथे आंधळेपणाने लावली असती, तर एका जातीच्या दोन-तीन जाती झाल्या असत्या. म्हणूनच कीटकाचा एखादा पाय डीएनएसाठी वापरून उर्वरित शरीर काचपट्टीवर जतन करण्याची पद्धत योग्य होय. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले जुने नमुने मात्र डीएनए तपासणीस फारसे उपयोगी पडत नाहीत.

प्रदूषण आणि यादीचा उपयोग :

धातुप्रदूषित प्रवाहांत चिलटांच्या सर्वच जाती नष्ट होत नाहीत. संवेदनशील जाती प्रथम जातात. क्रिकोटोपससारख्या प्रजातींतील सहनशील जाती टिकतात, कधी वाढतातही. त्यामुळे ‘किरोनोमिडी : इतके नग’ अशी नोंद निरुपयोगीच नव्हे, दिशाभूल करणारीही ठरते. काही अळ्यांच्या मुखांगांत विकृती दिसते, तीही प्रदूषणाची खूण मानली जाते. सरोवरांच्या तळाशी गाळाच्या थरांत अळ्यांची शिरःकवचे शेकडो वर्षे टिकतात. त्यांवरून भट्टीपूर्वीचा काळही वाचता येतो. पण ही ओळख बहुधा प्रजाती वा जातिसमूह एवढ्यावरच थांबते.

२००३ ते २००६ या काळात नॉर्वे, फिनलंड व रशिया यांनी या सीमाभागात पर्यावरण-निरीक्षणाचा संयुक्त कार्यक्रम राबविला होता. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर असे सहकार्य बहुतांशी थांबले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये रशिया बॅरेंट्स परिषदेतून बाहेर पडला. भट्टी बंद झाल्यानंतरची, तुलनेसाठी सर्वांत मोलाची वर्षे अशा रीतीने दोन्ही तीरांवरील एकत्रित नमुन्यांविना जात आहेत. पश्चिम तीरावर जाळी धरली तरी तिच्यात पूर्वेकडून आलेल्या कातीही सापडतील. त्यांतील कोणती कुएत्स्यार्वीच्या बाजूची आणि कोणती नॉर्वेच्या ओढ्यातली, हे सांगण्यासाठी मात्र पूर्व तीरावरील नमुना हाताशी असावा लागतो.