होडीवर सगळं होतं, पण हाताला लागेना! समुद्रात सेफ्टीचं सामान नेमकं बसवायचं कुठं?

२१ सप्टेंबर २०१८. ठिकाण दक्षिण हिंद महासागर, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून जवळपास साडेतीन हजार किलोमीटर लांब. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब रेसमध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले होते. वादळात त्यांची 'थुरिया' उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि पाठीला जबर मार बसला.

संकटात सॅटेलाईटला सिग्नल देणारं यंत्र, म्हणजे ईपर्ब, त्यांनी चालू केलं. एक सॅटेलाईट फोन बंद पडलेला. दुसरा फोन आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ होता इमर्जन्सी बॅगेत. बॅग होडीतच, पण उठताच येत नसेल तर तिच्यापर्यंत पोहोचायचं कसं? 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत आलं ते २४ सप्टेंबरला.

(थुरिया गोव्यात बांधलेली, आणि ज्या 'सुहेली'ची ती प्रतिकृती, ती आपल्या मुंबईत.)

तर मुद्दा असा, की सामान विकत घेणं सोपं. ते कुठं आणि कसं बसवायचं, यातच खरी गोम आहे.

सगळ्यात डोकं लागतं ते लाईफ राफ्टला. ही हवेने फुगणारी होडी, डेकवर कडक डब्यात बंद असते. होडी अचानक बुडाली आणि डबा सोडवायला कुणी नसेल तर? त्यासाठी डब्याच्या पट्ट्याला हायड्रोस्टॅटिक रिलीज जोडतात. दीड ते चार मीटर खोल गेलं की पाण्याच्या दाबाने आतलं पातं सुटतं आणि पट्टा कापतं. डबा वर येतो, त्याची दोरी ताणली जाते आणि गॅसने राफ्ट फुगते. दोरीचं दुसरं टोक होडीला एका मुद्दाम कमजोर ठेवलेल्या कडीने बांधलेलं असतं. राफ्ट फुगली की ती कडी तुटते. कुणी 'पक्कं असू दे' म्हणून दोरी थेट होडीलाच बांधली, तर होडी राफ्टलाही खाली घेऊन जाते. शिवाय डब्याच्या वर दोऱ्या किंवा शिडाचं दांडकं नको, नाहीतर सुटलेला डबा तिथंच अडकायचा.

हे सगळं किती घाईचं असतं? १८ नोव्हेंबर २०२२ ला, याच शर्यतीच्या पुढच्या फेरीत, टापिओ लेहटिनेन यांच्या होडीत पाच मिनिटांत डेकपर्यंत पाणी आलं. ते राफ्टमध्ये उतरले, आणि साधारण २४ तासांनी सहस्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांनी त्यांना उचललं. टॉमीही त्या फेरीत होते, एप्रिल २०२३ मध्ये ते दुसरे आले.

आता जॅकलाईन. डेकवर पुढून मागे ताणलेला पट्टा, त्यात आपल्या अंगावरच्या हार्नेसचा हूक अडकवायचा. पट्टा चपटा हवा, गोल दोरीवर पाय पडला की ती घरंगळते. शक्यतो कडेला नको, मधल्या बाजूला हवा, आणि होडीच्या मागच्या टोकाच्या बराच अलीकडे संपायला हवा. नाहीतर पडलेला माणूस होडीला बांधलेलाच राहतो, पण तिच्यामागे पाण्यात फरफटत. उन्हाने पट्टा कुजतो, त्यामुळे बंदरात काढून ठेवायचा.

हूक जिथं अडकणार ती कडी नुसत्या स्क्रूने बसवू नका. आरपार बोल्ट आणि डेकच्या खालून रुंद पत्रा हवा. माणूस झटक्याने लटकला की भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. बोल्टच्या भोकात सीलंट भरायला विसरू नका.

अग्निशामक सिलेंडर बरेच जण स्टोव्हच्या वरच टांगतात. का, देव जाणे! आग लागली की हात ज्वाळांतून घालायचा का? तो बाहेर पडायच्या दाराजवळ हवा. फक्त तिथंच होकायंत्र असेल तर थोडं लांब, कारण लोखंडी सिलेंडर शेजारी आला की सुई दिशा चुकवते.