दहा महिने आणि बारा वर्षं

परदेशात नवरा-बायकोचं बिनसतं आणि दोघांपैकी एक जण दुसऱ्याला न सांगता मूल घेऊन मायदेशी येतो. असं मूल बारामती तालुक्यातल्या सांगवीत आजी-आजोबांकडे आलं, तर वर्षभरात त्याचं नाव शाळेच्या हजेरीपटावर चढतं, आजीशी ते तिच्याच बोलीत भांडू लागतं आणि मागे राहिलेल्या आईचा किंवा बापाचा आवाज फोनवर ऐकला की अवघडून गप्प होतं. तिकडे कोर्टात तारखा पडत असतात. मुलाचं हित सर्वांत मोठं, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे आणि ते योग्यच आहे. पण हिताचा निवाडा होईपर्यंत इतका काळ जातो, की निम्मा निवाडा त्या काळानेच करून टाकलेला असतो.

पुणे आणि मुंबईचे दोन खटले शेजारी ठेवले की हे दिसतं. मिशिगनमधल्या कोर्टाने घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आईला दिला होता, बापाला फक्त भेटीचा हक्क. जानेवारी 1986 मध्ये बाप मुलाला घेऊन थेट पुण्यात आला. आई सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला आईकडे सोपवलं. चुकीचं पाऊल उचलणाऱ्या पालकाला त्या चुकीचा लाभ मिळता कामा नये, असं न्यायालयाने बजावलं. मुंबईच्या खटल्यात आईने अमेरिकेतून आणलं तेव्हा मूल जेमतेम 35 दिवसांचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये निकाल दिला, तोवर ते बारा वर्षांहून अधिक काळ तिच्याजवळ वाढलं होतं. परदेशी कोर्टाचा आदेश असूनही ताबा आईकडेच राहिला. रुजलेलं पोर उपटून नेणं क्रूरपणाचं झालं असतं, म्हणून मला हा निकालही पटतो. पण म्हणूनच निर्णय मूल रुजण्याआधी व्हायला हवा.

मुलांना असं परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या 1980 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारात मूल परत पाठवण्याच्या अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय झाला नाही, तर उशिराचं कारण विचारता येतं. भारताने या करारावर सही केलेली नाही. त्यामागची हरकत वजनदार आहे: मूल घेऊन येणारी अनेकदा मारहाणीतून सुटलेली बाई असते, नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे राहिलेली, हातात पैसा नसलेली. तिला ‘पळवून नेणारी’ ठरवून परत धाडायचं का? मुळीच नाही. मुलाला गंभीर धोका असेल तर परतपाठवणी नाकारण्याची सोय त्या करारातही आहे, मात्र आईवरचा अत्याचार हाही मुलाला धोकाच, असं आपल्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी केवळ एक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं. हे मान्य करूनही तपासणी काही आठवड्यांत उरकता येते, आणि तोवर दुसऱ्या पालकाशी व्हिडिओ कॉलवर रोज बोलणं चालू ठेवता येतं. 2020 च्या एका निकालात न्यायालयाने अशा संपर्कावर भर दिलाच आहे.

अशा मुलांबाबतच्या विधेयकाचा मसुदा विधी आयोगाने 2016 मध्ये सुधारून दिला, याच प्रश्नावरच्या न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीचा अहवाल 2018 मध्ये आला. तरी आजही मागे राहिलेल्या पालकाला उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करण्याची याचिका, तरी करावी लागते, नाहीतर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज. त्या अर्जात कोर्टाचा पहिलाच प्रश्न असतो, मूल नेहमी कुठे राहतं. सांगवीच्या शाळेतल्या प्रत्येक हजेरीगणिक त्याचं उत्तर बदलत जातं.