बोटांआधी ठोका गाठायला हवा

मिनिटाला १८० ठोके पडणारे गाणे घ्या. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर दोन आघातांमध्ये जेमतेम ८३ मिलिसेकंद उरतात. डोळ्यांनी एखादी खूण पाहून बोट हलवायला मात्र माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. तरीही संगणकावरच्या तालाच्या खेळांत सराईत खेळाडू असे शेकडो आघात अचूक दाबतात. कारण ते खुणेची वाट पाहत नाहीत, पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज त्यांनी आधीच बांधलेला असतो. ठोक्याबरोबर बोट टेकवायला सांगितले, तर बहुतेक माणसे काही मिलिसेकंद आधीच टेकवतात. प्रशिक्षित वादकांमध्ये ही घाई कमी दिसते.

ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्ट यांनी २००७ साली आणलेला ‘ओसू!’ हा या खेळांतला एक प्रसिद्ध खेळ. त्यातल्या ‘मेनिया’ या प्रकारात चार कळा असतील, तर सहसा डी, एफ, जे आणि के वापरतात. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांची बोटे आपोआप तिथेच टेकतात. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेची तयारी केलेल्यांना म्हणूनच निम्मे काम सोपे जाते. उरलेले निम्मे वेगळे आहे. टायपिंगमध्ये गती आपण ठरवतो, इथे ती गाणे ठरवते.

हे उरलेले काम तबल्याच्या वर्गात शिकवतात. तिथे बोल आधी तोंडाने म्हणायचे, म्हणजे पढंत करायची, मग हातात घ्यायचे. आधी ठाय म्हणजे संथ लय, मग दुगुन म्हणजे दुप्पट, मग चौगुन म्हणजे चौपट. खेळातही अडलेला तुकडा संथ गतीत लावा, हाताने ठोका धरून तो तोंडाने म्हणा आणि सलग बिनचूक जमल्यावरच वेग थोडा वाढवा. चुकत चुकत वेगाने खेळले, तर चुकाच पाठ होतात.

सराव किती वेळ करायचा, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी लोकांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ हा क्रम टाइप करायला लावला. १० सेकंद सराव, मग १० सेकंद विश्रांती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुरुवातीची सुधारणा सरावात नव्हे, तर मधल्या विश्रांतीत झालेली आढळली. त्याआधी २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या अशाच क्रमावर प्रयोग केला होता. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये सराव न करताही, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. त्यामुळे रात्री दोनपर्यंत एकच गाणे घासण्यापेक्षा थोडे खेळून झोपणे फायद्याचे.

काही अडथळे शरीराचे असतात. अनामिकेचे स्नायूबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असल्यामुळे ती एकटी उचलणे अवघड जाते. सात कळांच्या प्रकारात ती लागते, तेव्हा तिचा सराव वेगळा करावा. मनगट किंवा दंड दुखू लागला, तर थांबावे.

काही दोष यंत्राचे असतात. ब्लूटूथ हेडफोनमधून आवाज अनेकदा १०० मिलिसेकंदांहून उशिरा पोहोचतो, म्हणजे वरच्या गाण्यातला एक अख्खा आघात मागे पडतो. त्यापेक्षा वायरचे हेडफोन बरे. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा पडदा दर १७ मिलिसेकंदांनी बदलतो, तेव्हा खेळातली आवाज आणि चित्र यांची वेळजुळणी आधी तपासून घ्या. काही स्वस्त कीबोर्ड एकदम दाबलेल्या तीन-चार कळा नोंदवतच नाहीत. तुमचा नोंदवतो का, तेही पाहा.

महागडा कीबोर्ड घेण्याआधी महिनाभर संथ सराव, मधली विश्रांती आणि पुरेशी झोप एवढे करून पाहा. बहुतेकांना नव्या कीबोर्डची गरजच पडणार नाही.