गव्हाणीतली पावडर, कॅनमधले दूध

संगमनेर तालुक्यातल्या एका गोठ्यात मालकीणबाई ओलसर भरड्यात दहा ग्रॅम पिवळट पावडर कालवतात आणि पाटी गव्हाणीत रिकामी करतात. ही पावडर म्हणजे जिवंत यीस्ट, पाव फुगवणारे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पुढ्यातली एचएफ गाय मान वर न करता खाऊ लागते. दुकानदाराने सांगितलेले असते, ‘‘लिटरभर दूध वाढेल, फॅट सुधारेल आणि दूध नासायचं नाही.’’ तीन दावे, आणि तिन्हींची गोष्ट वेगळी.

मोठ्या संकरित गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. त्याच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण १,००० कोटी जिवाणू असतात. पावडरीच्या एका ग्रॅममध्ये तेवढ्याच पेशी धरल्या, तरी दहा ग्रॅम शंभर लिटरांत पसरल्यावर मिलिलिटरच्या वाट्याला येतात जेमतेम दहा लाख. दहा हजार जिवाणूंमागे यीस्टची एक पेशी! एवढ्याशा पाहुण्याने फरक पडावा कसा?

कारण आहे हवा. प्रत्येक घासाबरोबर थोडा ऑक्सिजन पोटात जातो आणि चाऱ्यातले तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना तो सोसत नाही. यीस्ट तो वापरून टाकते. लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही त्याच्यामुळे बळ मिळते. मक्याचा भरडा किंवा गोळी पेंड जास्त झाली की पोटात आम्ल साठते, सामू घसरतो, रवंथ मंदावतो, शेण पातळ पडते आणि त्यात न पचलेले दाणे दिसू लागतात. संकलन केंद्रावर फॅट लागत नाही ते यानंतर.

यीस्ट ही घसरण काही अंशी रोखते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, शंभरावर शोधनिबंधांच्या एकत्रित विश्लेषणात सामू सरासरी ०.०३ ने आणि दूध गाईच्या दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमने वाढलेले आढळले. म्हणजे ४०० किलोच्या गाईला दिवसाकाठी जेमतेम अर्धा लिटर. तेही पेशी जिवंत असतील तर. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली पिशवी किंवा कढत पाण्यात भिजवलेली पेंड त्यांना मारते. यीस्ट पोटात मुक्काम करत नसल्याने पावडर रोज द्यावी लागते.

राहिला नासण्याचा दावा. निरोगी कासेतून येणाऱ्या दुधात जंतू फार थोडे असतात. बहुतेक जंतू त्यात मिसळतात ते सडांच्या कातडीवरून, हातांवरून, पाण्यातून, नीट न घासलेल्या किटलीच्या सांध्यातून आणि मिल्किंग मशिनच्या जुन्या रबरातून. डेअरीच्या प्रयोगशाळेत दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर मिथिलीन ब्लू घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध अतिउत्तम, अर्ध्या तासात उडाला तर निकृष्ट. किटलीतली घाण पोटातल्या यीस्टने निघत नाही.

तरी गव्हाणीतून दुधाकडे जाणारी एक वाट आहे, ती शेणातून. मुरघास नीट दाबला गेला नाही किंवा त्यात माती गेली, की क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू पचनातून सहीसलामत सुटतात. शेणातून सडावर, सडावरून दुधात येतात. पाश्चरीकरणाचे ७२ अंश आणि १५ सेकंद त्यांना पुरत नाहीत. पुढे मुरत ठेवलेल्या चीजमध्ये ते वायू सोडतात आणि चीज फुगून तडकते. म्हणूनच इटलीत पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंना मुरघास घालायला मनाई आहे.

प्रोबायोटिकच्या काही पाकिटांत यीस्टऐवजी बॅसिलस असतो, तोही बीजाणूंच्या रूपात. गोळी पेंड बनवतानाची उष्णता तो सोसतो, हा त्याच्या विक्रीतला मोठा मुद्दा. पण हाच चिवटपणा शेणातही टिकतो आणि पाश्चरीकरणातही. पोटात उपयोगी पडणारा जिवाणू दुधात हवासा असतोच असे नाही. असे पाकीट घेणाऱ्या गोठ्यात धारेआधी सड धुऊन कोरडे करावे लागतात, आणि पुसायचा फडका प्रत्येक गाईला वेगळा लागतो.