घरून डायरेक्ट सेलिंग करणाऱ्यांनो, कोणता खर्च वजा होतो?

सौंदर्यप्रसाधने, स्वयंपाकघरातले डबे किंवा प्रोटीन पावडर घरून विकणाऱ्या अनेक जणी आपल्या कामाला व्यवसाय म्हणत नाहीत. "संसाराला थोडा हातभार," एवढंच सांगतात. आयकर कायदा मात्र त्याला व्यवसायच मानतो. कंपनी पगार देत नाही, कमिशन देते. म्हणून ते मिळवण्यासाठी झालेला खर्च उत्पन्नातून वजा करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो सोडून देण्याचं काहीच कारण नाही.

"नव्या करप्रणालीत कुठलीच वजावट नाही," हे वाक्य इतकं पसरलंय की पुष्कळ जणी खर्चाच्या पावत्या फेकून देतात. नव्या प्रणालीत गेली ती विमा, पीपीएफ अशा गुंतवणुकीवरची सवलत. धंद्याचा खर्च वजा करायला दोन्ही प्रणालींत मुभा आहे. पगारदारांची 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मात्र कमिशनवर मिळत नाही.

दुसरा गैरसमज बहुतेकदा अपलाइनकडूनच, म्हणजे तुम्हाला या धंद्यात आणणाऱ्या वरच्या विक्रेत्याकडूनच येतो: "आठ टक्के नफा दाखव, हिशेब ठेवायलाच नको." लहान व्यापाऱ्यांसाठी कलम 44एडीची अशी अंदाजित नफ्याची सोय आहे खरी, पण कमिशन किंवा दलाली मिळवणाऱ्याला ती त्याच कलमाने नाकारली आहे. म्हणजे अंदाजित नफ्यासाठीचा सोपा 'सुगम' फॉर्म चालणार नाही. आयटीआर-3 भरायचा आणि खरा खर्च दाखवायचा. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले, तरी या धंद्याला लागू होणारी ही मूळ तत्त्वं तीच आहेत.

आता खर्चाकडे वळू, कारण खरी गल्लत इथेच होते. कसोटी एकच: खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झाला का? घर आणि धंदा एकाच छताखाली असतील, तर धंद्याच्या वाट्यापुरताच खर्च धरायचा. समजा 600 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरात 90 चौरस फूट जागा माल ठेवायला आणि पॅकिंगला लागते. हा वाटा 15 टक्के झाला. भाडं 18,000 असेल तर महिन्याला 2,700 रुपये खर्चात धरता येतील. पण भाडं नवरा भरत असेल आणि त्यावर एचआरएची सवलतही घेत असेल, तर तेच भाडं तुमच्या हिशेबात पुन्हा घालता येणार नाही. घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं दिल्याचं दाखवता येत नाही. वीज, मोबाइल, स्कूटरचं पेट्रोल यांनाही वाट्याचाच नियम लागतो. कुठल्या तारखेला, कोणाकडे, किती किलोमीटर, एवढं वहीत लिहिलं तरी तुमच्या आकड्याला आधार मिळतो. मीटिंगसाठी घेतलेली साडी मात्र घरखर्चच.

मालाबाबत तर अधिकच काळजी घ्या. महिन्याचे पॉइंट पूर्ण करायला घेतलेला सगळा माल खर्चात टाकायची सवय सर्रास दिसते. त्यातला विकला गेला त्याचीच किंमत वजा होते. कपाटात उरला तो वर्षअखेरचा शिल्लक साठा. घरात वापरला गेलेला शांपू आणि साबण हा तुमचा वैयक्तिक खर्च. ग्राहकांना दिलेले नमुने धंद्याचा खर्च ठरतात, पण कोणाला काय दिलं याची नोंद हवी. आणि एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिलीत, तर काही ठरावीक अपवाद वगळता तो खर्च नामंजूर होतो. तेव्हा मोठी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयनेच द्या.

"टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला," असंही अनेकींना वाटतं. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये कमिशन 20,000 रुपयांच्या पुढे गेलं की 2 टक्के कापले जातात, पॅन दिला नसेल तर 20 टक्के. ही फक्त आगाऊ कपात. त्या वर्षासाठी नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सर्वसाधारणपणे कर शून्य आहे, पण कापलेले पैसे विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. घरी बसून थोडंसंच कमावणाऱ्या बाईचे ते हक्काचे पैसे आहेत.

बक्षीस म्हणून मिळालेली परदेशवारीही फुकट नसते. वर्षाला 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या अशा लाभांवर कंपनीला 10 टक्के टीडीएस भरावा लागतो, आणि सहलीची किंमत तुमच्या व्यवसायाच्या उत्पन्नात धरली जाते.

तोट्याबद्दलही असाच एक गैरसमज आहे. "माझा तोटा नवऱ्याच्या पगारातून वजा करू," असं ठरवलं असेल, तर ते होणार नाही. धंद्याचा तोटा तुमच्या स्वतःच्या पगारातूनही वजा होत नाही. तो पुढच्या 8 वर्षांच्या धंद्यातल्या नफ्यातून वजा करता येतो, मात्र त्यासाठी तोट्याच्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं.